मळलेली वाट : बस्तरच्या धबधब्यांकडे जाताना

भिलाई म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पोलाद येतं. २ फेब्रुवारी १९५५ ला सोविएत रशियाबरोबर करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. तेव्हापासून हे गाव देशाला रेल्वेचे रूळ पुरवतंय. सेक्टरांमध्ये आखलेले सरळ रस्ते, दुतर्फा झाडं, भोवती भाताची सपाट शेतं. डोंगर शोधायला गच्चीवर चढलात तरी सापडायचा नाही. सह्याद्रीत वाढलेल्या आणि खडकवासल्याला अकादमीत असताना शिक्षा म्हणून सिंहगड पळत चढलेल्या माझ्यासारख्याला इथे सुरुवातीला जरा चुकल्यासारखंच झालं.

पण पाऊस ओसरला की इथली मंडळी शनिवारी पहाटे गाड्या काढून दक्षिणेकडे निघतात. कुठे, तर बस्तरला, धबधबे बघायला. माझी सध्याची पोस्टिंग एनसीसीची आहे. कॅडेट्सनी ट्रेकचा हट्ट धरला आणि त्यांच्यासाठी वाटांची रेकी करता करता मलाच त्या वाटांचा नाद लागला. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. नक्षलविरोधी मोहिमेत भारतीय लष्कर उतरलेलं नाही. ती लढाई राज्य पोलीस, डीआरजी आणि केंद्रीय दलांच्या जवानांनी लढली आहे. त्यामुळे इथे कुठलीही शौर्यकथा सांगायचा मला अधिकार नाही. मी चाललो ते वाटसरू म्हणून, आणि वाचलं ते जमिनीकडे बघायची सवय असलेला सैनिक म्हणून.

आधी जमीन समजून घेऊ. भिलाईहून धमतरी, कांकेर करत गेलात की केशकालचा घाट लागतो. बारा वळणं चढून ट्रक तेलीन सतीच्या देवळापाशी थांबतात, ड्रायव्हर नारळ फोडतात आणि पुढे निघतात. हा घाट म्हणजे छत्तीसगडच्या मैदानातून बस्तरच्या पठारावर जायचा जिना. पठार दुसऱ्या बाजूंनीही असंच तुटलेलं आहे, आणि जिथे ते तुटतं तिथे प्रत्येक नदी-नाला खाली उडी घेतो. इंद्रावती चित्रकोटला सुमारे ३० मीटर खाली कोसळते. पावसाळ्यात तिची धार जवळजवळ ३०० मीटर रुंद होते. मुनगाबहार नदी तीरथगडला पायऱ्यापायऱ्यांच्या खडकावरून सुमारे ९० मीटर उतरते. चित्रकोटच्या आसपासच तामडा घूमर आणि मेंदरी घूमर आहेत. ही सगळी पाणी शेवटी गोदावरीची. चित्रकोटला अंगावर तुषार घेताना लक्षात ठेवा, हीच इंद्रावती पुढे आपल्या गडचिरोलीची सीमा होऊन वाहते आणि सिरोंचा तालुक्यात सोमनूरला गोदावरीला मिळते.

नकाशावर समोच्च रेषा जिथे एकमेकींना चिकटतात तिथे धबधबा असतो, आणि तिथेच वाट नसते. हे आपल्याकडेही तसंच आहे. सह्याद्रीतली घाटवाट सोंडेवरून उतरते, ओढ्याच्या तोंडातून नाही. बैल, ओझं, पालखी यांना धबधब्याचा काही उपयोग नाही. तिथे जातो तो फक्त काम असलेला माणूस. कुणी डोहातले मासे धरायला, कुणी मध काढायला, कुणी मोहाची फुलं वेचायला, कुणी देवाला. त्यामुळे धबधब्याकडची वाट नेहमी बारीक असते, एका पावलाच्या रुंदीची, आणि ती फक्त गावाला ठाऊक असते. बाहेरच्या माणसाला ती हवी असेल तर गावातलं कुणीतरी पुढे चालावं लागतं. मला तर बस्तरचा अडीचशे वर्षांचा इतिहास या एका वाक्याभोवतीच फिरताना दिसतो.

सुरुवात आपल्या माणसांपासून करू. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर बंगालच्या स्वारीवर निघाले आणि वाटेत रतनपूरच्या हैहय राजाने त्यांच्यापुढे शरणागती पत्करली. १७५८ पासून रघुजी भोसल्यांचे पुत्र बिंबाजी रतनपुरात बसून छत्तीसगडचा कारभार पाहू लागले. मराठी भाषा आणि मोडी लिपी इथल्या दरबारात आली. दसऱ्याला सोनं वाटायची पद्धतही त्यांनीच इथे रुजवली असं मानतात. बस्तर मात्र वेगळं राहिलं. तिथे राजघराण्यातच गादीसाठी भांडण पेटलं तेव्हा दर्यावदेवाने नागपूरकरांची मदत घेतली. १७७८ च्या कोटपाडच्या तहाने बस्तर भोसल्यांचं मांडलिक झालं आणि वर्षाला टकोली देऊ लागलं. पण मांडलिक झालं म्हणजे हातात आलं असं नाही. खंडणी कागदावर ठरवता येते. वाट कागदावर ठरत नाही. मराठ्यांची घोडदळं माळव्यात, ओडिशात, बंगालच्या मैदानात सुसाट गेली. बस्तरच्या साल-सागाच्या रानात घोड्याला वेगच घेता येत नाही. इथे सत्ता होती ती नागपूरच्या नावाची, आणि रस्ता होता तो गोंड, मुरिया, धुरवा, हलबा यांचा. बाहेरून नियमित येणारे होते ते मीठ लादलेले बैल घेऊन येणारे बंजारे, कारण मिठावाचून रानाचं चालत नाही.

भाषेने मात्र सैन्यापेक्षा लांबचा पल्ला गाठला. बस्तरच्या बाजारात हलबी बोलली जाते. ग्रियर्सनने आपल्या भाषिक सर्वेक्षणात हलबीला मराठीच्या खंडात जागा दिली. आजचे भाषाशास्त्रज्ञ त्यावर वाद घालतात, तो त्यांचा प्रांत. मला एवढंच सांगता येईल की जगदलपूरच्या बाजारात दोन म्हाताऱ्या हलबीत भांडत असल्या तर मराठी माणसाला भांडणाचं कारण बऱ्यापैकी कळतं.

आता एका इंग्रज अधिकाऱ्याची हकिगत. १७९५ मध्ये कंपनी सरकारला बंगालमधून उत्तर सरकारांपर्यंत, म्हणजे आजच्या आंध्रच्या किनाऱ्यापर्यंत, आतल्या बाजूने जाणारी वाट हवी होती. कॅप्टन जेम्स ब्लंट चुनारहून निघाला. सर्व्हेची साधनं, शिपायांची तुकडी, मराठा सरकारचे परवाने, सगळं बरोबर. रतनपूर, रायपूर करत तो कांकेरला पोहोचला. तिथून बस्तरमध्ये शिरायचा प्रयत्न केला तेव्हा धनुष्यबाण घेतलेल्या गोंडांनी त्याची वाट अडवली. परवाना नागपूरचा होता, आणि तो या रानात चालत नव्हता. ब्लंटला माघार घ्यावी लागली. तो पश्चिमेला वळून वैरागडकडे, म्हणजे आजच्या गडचिरोलीत उतरला आणि त्या बाजूने गोदावरीकडे गेला. त्याने लिहिलेली प्रवासाची हकिगत पुढे छापली गेली. कुठल्याही तरुण अधिकाऱ्याने ती वाचावी. हत्यारं चांगली, शिस्त चांगली, नकाशा काढायची विद्या उत्तम, पण पुढे चालायला गावचा माणूस नाही. एवढ्या एका उणिवेने मोहीम फिरली.

ब्लंटला जे जमलं नाही ते पुढच्या शतकात जंगल खात्याला जमलं. नागपूरचं राज्य खालसा झाल्यावर बस्तर इंग्रजांच्या छायेखाली आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संस्थानातलं दोन तृतीयांश जंगल राखीव करायचा प्रस्ताव आला. राखीव म्हणजे काय, हे गावकऱ्याच्या बाजूने बघा. काल ज्या वाटेने तो डोहाकडे, मोहाकडे, देवाकडे जात होता, त्या वाटेवर आज गार्ड उभा. फिरती शेती बंद, शिकार बंद, वर वेठबिगारी. सुरुवात झाली ती कांगेरच्या जंगलात, जिथे तीरथगडचा धबधबा आहे. आणि उठाव पेटला तोही तिथूनच. फेब्रुवारी १९१० चा हा भूमकाल. त्याचा नेता गुंडाधूर, कांगेरच्या रानालगतच्या नेतानार गावचा धुरवा. आंब्याच्या डहाळ्या, मिरच्या आणि बाण गावोगाव फिरले. ज्या गावाने ते घेतले ते गाव उठावात सामील. ना तार, ना टपाल. निरोप गेले ते याच पाऊलवाटांनी, आणि काही दिवसांत बाजार लुटले गेले, चौक्या जळल्या, जगदलपूरला वेढा पडला. बाहेरून फौजा आणून उठाव चिरडला गेला. फटके, दंड, फाशी, सगळं झालं. गुंडाधूर मात्र कधीच हाती लागला नाही. आणि एक गोष्ट आपण सहसा विसरतो. उठाव मोडला, तरी राखीव जंगलाचं क्षेत्र ठरलं होतं त्याच्या जवळजवळ निम्म्यावर आणावं लागलं. हरलेल्या माणसांनी अर्ध्या वाटा परत मिळवल्या.

१९८२ मध्ये याच खोऱ्यात सुमारे २०० चौरस किलोमीटरचं कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यान झालं. कुटुमसरची गुहा, तीरथगडचा धबधबा, पहाडी मैना. आणि साधारण त्याच सुमारास, १९८० पासून, गोदावरी ओलांडून पीपल्स वॉरची दलमं बस्तरात शिरली होती. त्यांनी ब्लंटने न केलेली गोष्ट केली. ते गावात राहिले, भाषा शिकले, गावचा माणूस पुढे चालू लागला. तेंदूपत्त्याचा भाव, फॉरेस्ट गार्डचा जाच, या खऱ्या दुखण्यांवर त्यांनी बोट ठेवलं. नंतर त्याच गावांना त्यांनी जनअदालती, खबऱ्या ठरवून केलेले खून आणि उखडलेल्या शाळा दिल्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एक सांगून दुसरी लपवणं इतिहासाला धरून होणार नाही.

इथे आपल्या निवृत्त मंडळींना ओळखीची वाटेल अशी एक गोष्ट येते. माओवाद्यांनी वाटेलाच हत्यार बनवलं. डांबरी रस्त्याखाली टिफिन बॉम्ब, कच्च्या वाटेवर प्रेशर आयईडी, पायवाटेच्या कडेला पानांनी झाकलेले अणकुचीदार खिळ्यांचे खड्डे. जी वाट जास्त मळलेली, तिथे धोका जास्त. म्हणून इथल्या जवानाला पहिला धडा शिकवतात तो म्हणजे वाट सोडून चाल. कांकेरला २००५ मध्ये जंगल वॉरफेअर कॉलेज सुरू झालं. ते उभं केलं ब्रिगेडियर बी. के. पोनवार यांनी, जे त्याआधी मिझोराममधल्या वैरेंगटेच्या आपल्या शाळेचे प्रमुख होते. गाडीतून उतरा, रस्ता सोडा, रानातून पायी जा, गनिमाशी गनिमासारखे लढा, ही तिथली शिकवण. मराठी माणसाला गनिमी काव्याचे धडे नव्याने द्यायला नकोत, पण इथे गनीम समोर होता आणि आपली माणसं महामार्गावर होती.

त्याची किंमत कांगेरच्या खोऱ्याने पाहिली. २५ मे २०१३ ला सुकम्याहून जगदलपूरकडे परतणारा काँग्रेसच्या परिवर्तन यात्रेचा ताफा झीरम घाटीत सुरुंग आणि गोळीबारात सापडला. महेंद्र कर्मा, नंदकुमार पटेल यांच्यासह अनेक नेते, कार्यकर्ते आणि सुरक्षा जवान मारले गेले. जखमी झालेले विद्याचरण शुक्ल पुढच्या महिन्यात गेले. ही घाटी कुठे आहे? तीरथगडच्या फाट्यावरून त्याच महामार्गाने दरभा ओलांडून थोडं पुढे. दहा महिन्यांनी, ११ मार्च २०१४ ला, त्याच रस्त्यावर टाहकवाड्याजवळ रस्त्याच्या कामाला संरक्षण देणाऱ्या तुकडीवर हल्ला झाला. सीआरपीएफचे ११, पोलिसांचे ४ जवान आणि एक नागरिक ठार झाले. धबधब्याचं पाणी तेव्हाही पडतच होतं. बघायला जाणारं फारसं कुणी नव्हतं, एवढंच.

त्या काळात या रस्त्यावर ड्युटी केलेल्या एका अधिकाऱ्याशी माझी ओळख झाली. मी त्याला विचारलं, तीन वर्षं इथे होतास, तीरथगड पाहिलास का? तो म्हणाला, "सर, आवाज ऐकला. खाली उतरायची वाट एकच होती, आणि ती सगळ्यांना माहीत होती." सैनिकाला यापुढे काही समजावून सांगायची गरज नाही.

आता काय बदललंय? बरंच. रस्ते झाले, कॅम्प पुढे सरकले, मोठ्या संख्येने शरणागती झाल्या. एप्रिल-मे २०२५ मध्ये बिजापूर आणि तेलंगणाच्या सीमेवरच्या कर्रेगुट्टाच्या डोंगरावर २१ दिवसांची मोहीम झाली. त्यानंतर दहाच दिवसांनी, २१ मे ला, माओवाद्यांचा सरचिटणीस बसवराजू मारला गेला. कांगेर खोऱ्यात तर चित्र आधीच पालटलं होतं. २०२४ मध्ये उद्यानातल्या धुडमारास या धुरवा वस्तीच्या गावाची संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संस्थेने उत्तम पर्यटन गावांच्या विकास कार्यक्रमासाठी निवड केली. जगभरातून अशी २० गावं होती. मार्च २०२५ मध्ये कांगेर घाटी युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. गुंडाधूरच्या जमातीचं गाव, आणि पाहुणे येतात ते त्यांच्या घरात मुक्काम करायला, त्यांच्या हातचं जेवायला, कांगेर नदीत त्यांच्या बांबूच्या तराफ्यावर बसायला.

कॅडेट्सना नेण्याआधी मी त्या खोऱ्यात एका धुरवा तरुणाबरोबर दिवसभर हिंडलो. पायात रबरी चप्पल, खांद्यावर कुऱ्हाड, चाल अशी की माझे ट्रेकिंगचे बूट लाजले. एका नाल्याच्या काठाने जाताना समोर सरळ जाणारी चांगली वाट होती, तरी तो डावीकडे वळून चढाला लागला. मी म्हटलं, "भैया, ही वाट जवळची दिसते." तो म्हणाला, "ती देवाची, साहेब. जत्रेखेरीज नाही जायचं." मी मुकाट्याने त्याच्यामागे चढलो. वर पोहोचल्यावर त्याने सांगितलं की गाईड झाल्यापासून हे दरवेळी सांगावं लागतं, आणि दरवेळी कुणीतरी विचारतं, देव काय करणार आहे? त्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. त्याच्या आजोबाला वाटेवर गार्डने अडवलं होतं, बापाच्या वेळी दादा लोक कुठे जायचं ते ठरवत होते आणि मागाहून पोलीस विचारायला येत होते, आणि आता याच्या वेळी प्रश्न विचारतोय तो तिकीट काढून आलेला पाहुणा.

म्हणून मला या इतिहासाचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तो आपल्या हातात आहे. सह्याद्रीत काय झालं ते आठवा. बोरघाटाचा रस्ता १८३० मध्ये आणि रेल्वे १८६३ मध्ये झाली. एकेक पक्का रस्ता होत गेला तशा जुन्या घाटवाटांवरून बैल हटले आणि शंभर वर्षांनी ट्रेकर आले. आपण त्या वाटा जिवंत ठेवल्या, हे खरं. पण पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी धबधब्यांवर जी झुंबड उडते तीही आपलीच. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यानंतर बंदीचे आदेश निघाले. गावचा माणूस त्या पाण्याकडे पावसात कधीच गेला नसता. वाट सगळ्यांची झाली, पण वाटेचं ज्ञान गावातच राहून गेलं, आणि ते विचारायला कुणी थांबलं नाही. बस्तरमध्ये ही चूक सुरुवातीलाच टाळता येईल.

दक्षिणेला बिजापूर जिल्ह्यात उसूरच्या डोंगरांत नंबी आणि नीलम सरई हे धबधबे आता ट्रेकर्सच्या यादीत येऊ लागलेत. डोंगर चढून, गावच्या मुलांना बरोबर घेऊन जावं लागतं. त्या भागासाठी माझा सल्ला अगदी कोरडा आहे. कर्रेगुट्टाच्या त्या एका मोहिमेतच ४५० आयईडी सापडल्याचं सरकारने जाहीर केलं. मोहीम संपते, पण जमिनीत पुरलेल्या सुरुंगाला ते कळत नाही. मोहफुलं आणि तेंदूपत्ता वेचायला गेलेली साधी माणसं बंदूक थंडावल्यावरही त्यात जखमी झाली आहेत, गेली आहेत. तेव्हा जिल्हा पोलिसांना विचारल्याशिवाय जाऊ नका, गावचा वाटाड्या घेतल्याशिवाय पाऊल टाकू नका, त्याचा ठरलेला मोबदला घासाघीस न करता द्या, आणि फोटोसाठी बाजूला होऊ नका. कांगेर, चित्रकोटकडे जाणाऱ्यांसाठी ऑक्टोबर ते डिसेंबर उत्तम. पाणी भरपूर असतं आणि खडक वाळायला लागलेला असतो. कुटुमसरची गुहा पावसाळ्यात बंद असते, ती साधारण नोव्हेंबरात उघडते.

आपण मराठीत 'मळलेली वाट' जरा तुच्छतेने म्हणतो. मळलेली वाट सोडून जाणाऱ्याचं कौतुक करतो. बस्तरच्या जवानांनी वीस वर्षं ती नाइलाजाने सोडली, काट्याकुट्यातून चालले, आणि त्यातले कित्येक परत आले नाहीत. त्यांनी हे केलं ते कुणीतरी पुन्हा त्या वाटेवरून पाण्यापर्यंत बिनधास्त चालावं म्हणून. एखाद्या प्रदेशात शांतता आली की नाही हे मोजायला माझ्याकडे आता आकड्यांपेक्षा एक साधी खूण आहे. तिथली पायवाट रोज चालून पुन्हा मळते आहे का, आणि तिच्यावर पुढे चालणारा माणूस गावचाच आहे का?

कांगेरमध्ये या दोन्ही प्रश्नांचं उत्तर आज 'हो' असं आहे. जाल तेव्हा ते तसंच राहील असं वागा.

जय हिंद.